वयात येणाऱ्या मुलींचं ताट आणि आपली तोंडं

मैदानावरची (सातारा)

नमस्कार. शाहू स्टेडियमवर सकाळी पळायला येणाऱ्या शाळकरी मुलींचा सराव मी घेते. आठवी ते बारावीच्या मुली. बहुतेक साताऱ्यातल्याच, काही वाढे, कोडोलीकडून येतात. धागा मात्र पळण्याबद्दल नाही, खाण्याबद्दल आहे.

सराव संपला की पोरी पायऱ्यांवर बसून डबा खातात. अलीकडे त्या डब्यांकडे बघून पोटात कालवतं. झाकण अर्धंच उघडायचं, वरची काकडीची दोन कापं खायची, चपातीचा चतकोर मोडून भाजीला लावायचा आणि उरलेली घडी तशीच झाकणाखाली दाबायची. ती घडी घरी जात नाही, गेटजवळच्या कुत्र्याला जाते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "भूक नाही मॅडम" किंवा "आज उपास आहे". संकष्टी, एकादशी, गुरुवार, शनिवार. चौदा वर्षांच्या पोरीला इतके उपास, आणि उपासाला साबुदाणासुद्धा नको, नुसतं ताक. देवाचं नाव पुढे केलं की घरात कोणी हटकत नाही, हे त्यांना बरोबर समजलंय.

हे कुठून शिकलात, म्हणून त्यांना बोलतं केलं. मला वाटलं मोबाईलचं नाव आधी येईल. ते आलंच, पण नंतर. आधी आले ते घरातले शब्द. "आत्या म्हणते, जरा कमी खा, पुढं त्रास होईल." "दादा मला गोलू म्हणतो." "आजोबा जेवताना पोळ्या मोजतात." आणि ज्या अंगानं बारीक आहेत त्यांचीही सुटका नाही. "काडी", "वारा आला की उडून जाशील", "घरात खायला घालत नाहीत का?" लग्नाला जा, बारशाला जा, आलेली प्रत्येक बाई आधी पोरीच्या अंगावरून नजर फिरवते आणि मग "कशी आहेस" विचारते.

वयात येताना मुलीच्या कमरेला, मांड्यांना चरबी धरते. तो आळस नाही की हावरटपणा नाही, शरीर पाळीसाठी आणि हाडांसाठी तयारी करत असतं. नेमकं याच काळात तिला सगळ्यात जास्त भूक लागते आणि नेमकं याच काळात आपण तिच्या ताटाकडे बघायला लागतो. पळणाऱ्या मुलीचं तर आणखी अवघड. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडे जातात. खेळाडूंच्या बाबतीत याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली हे नाव दिलं. थोडक्यात, शरीराला पुरेल एवढं इंधनच मिळत नाही. पालकांना मात्र वाटतं, पोर बारीक झाली, सरावाचा उपयोग होतोय.

आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या, मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या आणि दहाव्या आल्या. माझ्या मुलींना मी त्यांची ती शर्यत दाखवते. अडथळ्यावरून उडी मारणारे पाय बघा म्हणते.

माझं म्हणणं एकच आहे. मुलीच्या ताटात किती आहे आणि ती अंगानं कशी दिसते, यावर घरातल्यांनी बोलणं थांबवावं. चेष्टेत तर नाहीच, पण काळजीपोटीसुद्धा नाही. तुमच्याकडे काय बोललं जातं? कोणी थांबवलं असेल तर कसं थांबवलं?

हळदीचं पान (सांगली)

अगदी मनातलं लिहिलंत ताई. माझ्या बहिणीचा लग्नाचा बायोडाटा करायला हरभट रोडवरच्या एका दुकानात गेलो होतो. त्यांच्या तयार नमुन्यात जन्मवेळ, रास, नाडी, रक्तगट यांच्या रांगेतच "वर्ण" आणि "बांधा" असे दोन रकाने होते. दुकानदार सवयीनं "गोरा, सडपातळ" टाईप करून मोकळा. बहीण म्हणाली, हे दोन रकाने काढा. तो म्हणाला, मग समोरचे फोन करून विचारतील. ती म्हणाली, विचारू देत, तेवढंच कोण विचारतं ते आधी कळेल.

काढले. स्थळं आली. दोघांनी फोनवर तेच विचारलं, त्यांना आईनं तिथंच नमस्कार केला. आईनं हे करणं माझ्यासाठी मोठी गोष्ट होती, कारण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी पंधरा दिवस भात बंद करायची रीत आमच्या घरात मावश्यांपासून चालत आलेली.

कोरेगावकर

धागा चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. आमच्या घरात वडील, चुलते, आत्या, तिघांनाही साखरेचा त्रास. चुलत्यांचा पाय गेला. शाळेतली पोरं आज वडापाव, कुरकुरे, कोल्ड्रिंक यांवर वाढतात, मैदानावर जात नाहीत. अशा वेळी वजनाबद्दल बोलायचंच नाही म्हणजे डोळे मिटून घेणं झालं. पूर्वी घरातली मोठी माणसं तोंडावर बोलायची, म्हणून माणूस ताळ्यावर राहायचा. आपली मुलगी गुबगुबीत होत असेल आणि आईबापानं गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

मिरजेचा डॉक्टर

कोरेगावकर, तुमची काळजी खरी आहे आणि आपल्याकडे ती जास्तच खरी आहे. भारतीय माणसाला मधुमेह तुलनेनं कमी वजनातच गाठतो. म्हणून युरोपियन लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ पासून जास्त वजन धरतात, तर आपल्याकडे २३ पासूनच. पोटाचा घेर बायकांचा ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला तर आम्ही सावध करतो. वाढत्या मुलांना हे आकडे लावायचे नाहीत. त्यांच्यासाठी वयानुसार वाढीचे तक्ते असतात, ते बालरोगतज्ज्ञाकडे बघावेत.

पण प्रश्न असा आहे की बोलण्याने वजन उतरतं का. माझ्या ओपीडीत उलटंच दिसतं. ज्या मुलीला घरात सारखं टोकतात ती सगळ्यांसमोर अर्धी भाकरी खाते आणि रात्री ओट्यापाशी उभी राहून भडंगाचं पाकीट संपवते. सकाळी स्वतःला कोसते, नाश्ता टाळते, संध्याकाळी पुन्हा तेच. तिचं वजन वाढतं आणि घरचे म्हणतात, बघा, चोरून खाते.

यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं हे त्यांना शोधायचं होतं. तरुण स्वखुशीनं आलेले, मनानं खंबीर होते. त्यांचं वजन साधारण पाव हिश्श्यानं उतरलं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या डोक्यात जेवणाशिवाय काही उरलं नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताट तासभर चिवडत राहायचे, चिडायचे, एकटे राहायचे, उन्हातसुद्धा थंडी वाजायची. पुन्हा भरपेट जेवण सुरू झालं तेव्हा काहींना पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना. ज्यांना आयुष्यात कधी खाण्याचा प्रश्न नव्हता अशा पुरुषांची ही गत झाली. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं. त्याला आपण "मनावर ताबा नाही" म्हणतो, ते चूक आहे.

म्हणून साखरेची भीती असेल तर बोलायचं नाही, करायचं. रात्री जेवून सगळ्यांनी मिळून चालून यायचं, घरात कोल्ड्रिंकची बाटली आणायची नाही, डाळ-उसळ वाढवायची, झोप पुरी करायची. हे घरातल्या बारीक पोरासाठीही आणि जाड पोरीसाठीही सारखंच. एकीच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या ताटात घातलं की ते आरोग्य राहत नाही, शिक्षा होते.

लाल माती (विटा)

डॉक्टरसाहेब, तालमीत हे आम्ही रोज बघतो. मी पोरांना कुस्ती शिकवतो. वजनगटासाठी वजन उतरवणं हा खेळाचा भाग झालाय. पाणी बंद, अंगात जाडजूड कपडे घालून पळायचं, थुंकत राहायचं. २०२४ ला पॅरिसला विनेश फोगाटचं काय झालं सगळ्यांनी बघितलं. ५० किलोचा गट, फायनलच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि बाद. रातभर पोरगी खपली होती, केससुद्धा कापले. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी हो.

जुने वस्ताद वजनाचं असं करत नव्हते. पोराला खुराक किती पचतो, जोर-बैठका किती निघतात, मातीत किती वेळ दम टिकतो, हे बघायचे. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, ज्वारीची भाकरी. खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे, एवढंच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात ब्राँझ घेऊन आले. अंगापिंडानं लहानखुरा माणूस. पैलवान म्हणजे आडदांडच असतो असं धरून कुणी त्यांना मोडीत काढलं असतं, तर देशाचं केवढं नुकसान झालं असतं.

आता आमच्याकडं मुलीपण येतात. पहिल्या दिवशी आईबाप हळूच विचारतात, "सर, पोरगी रांगडी तर न्हाई ना दिसणार?" मी सांगतो, दिसंल. खांदे रुंद होतील, मांड्या भरतील. त्याच मांड्यांवर ती उभी राहणार हाय. पटलं तर ठेवा. बहुतेक ठेवतात.

पेन्शनर (वाई)

मी सत्तरीची आहे. थोडं निराळं लिहिते. जेवणाशी बायकांचं नातं बिघडायला मोबाईल यावा लागला नाही. आमच्या घरात पुरुष आधी, मग मुलं, मग सासूबाई, मग आम्ही. आमच्या पानात खरवडलेली भाजी आणि तव्यावरची शेवटची, कडा करपलेली भाकरी. गरम भाकरीवर तूप घालून घेणारी सून म्हणजे चवचाल, असा समज. भूक लागली असं म्हणायची लाज वाटायची. खाताना कोणी आलं की पान झाकायचं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. दूध, ऊस, भाजीपाला कशाला तोटा नाही अशा आपल्या कृष्णाकाठीही मला चारचौघींत फिक्या पडलेल्या बायका दिसतात. आणि ताई, ज्या पोरीनं आईला कधी पोटभर, निवांत बसून जेवताना पाहिलंच नाही, ती पोरगी भुकेला लाज समजणारच. मैदानावर डबा झाकणारी मुलगी मला म्हणून अनोळखी वाटत नाही.

आमच्याकडे आता रात्रीचं जेवण सगळे एकत्र बसून. भाकऱ्या आधी करून टोपलीत झाकून ठेवतो, थोड्या गार होतात, चालतं. नातसुनेनं हा नियम घातला, मी तो मनापासून उचलून धरला.

अनामिक (विश्रामबाग)

मुलांबद्दलही कोणीतरी लिहायला हवं म्हणून पहिल्यांदाच इथे लिहितोय. मी कॉलेजला आहे. शाळेत मला "हाडकुळ्या" म्हणायचे. वर्गात नाव हेच होतं. जिम लावली. तिथे ट्रेनर म्हणाला, बॉडी बनवायची तर पावडर घ्यावी लागेल, आणि पुढे कसल्यातरी इंजेक्शनची गोष्ट काढली. माझ्या दोन मित्रांनी घेतली. एकाच्या चेहऱ्यावर, पाठीवर नुसते फोड आलेत. आरशासमोर उभा राहिलो की मला अजून छाती आत गेलेलीच दिसते, फोटोत तसं नसतं. मुलगा असं बोलला की लोक हसतात.

मिरजेचा डॉक्टर

अनामिक, लिहिलंत हे चांगलं केलंत, यात हसण्यासारखं काही नाही. स्वतःचं पिळदार शरीरही आरशात किरकोळ दिसत राहणं हा ओळखीचा त्रास आहे, मुलांमध्ये जास्त दिसतो आणि त्यावर उपचार आहेत. इंजेक्शनं स्टेरॉइडची असावीत. त्यांनी शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनणं मंदावतं, वृषण आकसतात, काहींना हृदयाचा त्रास होतो. मित्रांना तपासून घ्यायला सांगा, ओरडू नका. पावडरीबद्दल: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत प्रथिनांचे पूरक पदार्थ टाळा असंच म्हटलंय. अंडी, दूध, डाळी, शेंगदाणे, मटकी यांतून जिम करणाऱ्या मुलाची गरज भागते.

हळदीचं पान (सांगली)

पावडरीवरून आठवलं. आमच्या कॉलनीत सकाळी नाश्त्याऐवजी शेक प्यायला बोलावतात, वजन काट्यावर उभं करून टाळ्या वाजवतात. भिंतीवर "महिन्यात दहा किलो, गॅरंटीड" असा कागद. हे कायद्यात बसतं का?

मिरजेचा डॉक्टर

औषध म्हणून जाहिरात करत असतील तर नाही. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा १९५४ चा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाज केल्याची जाहिरातच करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून हे लोक "औषध" शब्द टाळून "न्यूट्रिशन" म्हणतात. इतक्या झपाट्यानं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. जेवण पुन्हा सुरू केलं की वजन बहुधा परत येतं आणि दोष त्या बाईच्या माथी मारला जातो.

कृष्णा-कोयना (कराड)

धागा रोज वाचते आहे. माझी मुलगी दहावीत आहे. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते, नळ सोडून ठेवते. बाहेर आली की डोळे लाल असतात. पाळी तीन महिने आलेली नाही. विचारलं तर अंगावर येते. आमच्या सासरी "नाटकं आहेत, लग्नाच्या वयाला सरळ होईल" म्हणतात. कुणाकडे जायचं तेच कळत नाही. पोटाच्या डॉक्टरकडे की बाईच्या?

मिरजेचा डॉक्टर

ताई, नाटक नाही. आणि थांबायचं नाही, हा आठवडा जाऊ देऊ नका. आधी नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा बालरोगतज्ज्ञाकडे न्या आणि इथं लिहिलंत तेच शब्द त्यांना सांगा. वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी पहिल्याच भेटीत मागा. चक्कर, छातीत धडधड, गळून जाणं असं काही झालं तर रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या. नेहमी नियमित असलेली पाळी तीन महिने थांबली हेही तपासायलाच हवं. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ. हा खाण्याशी जोडलेला मनाचा आजार असू शकतो, आणि लवकर धरला तर मुली यातून बऱ्या होतात. मिरज-सांगलीत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, तुमच्याकडे कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आज रात्रीच कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

बाथरूमचं दार वाजवत बसू नका. जेवणानंतर थोडा वेळ तिच्या सोबत बसा, मालिका बघा, पत्ते खेळा. वजनाचा काटा घरातून काढून टाका. "खा" आणि "खाऊ नको" दोन्ही तूर्त बंद.

मैदानावरची (सातारा)

कराडच्या ताई, तुम्हाला निरोप पाठवला आहे. एकटीनं डॉक्टरकडे जायचं दडपण असेल तर मी येते सोबत. साताऱ्याहून तासाभराचा रस्ता आहे.

बाकीच्यांसाठी एक. कोणी म्हणेल, पूर्वीही मुलींना नावं ठेवायचेच, मग आताच एवढं काय? फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ साली पहिल्यांदा टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची दोनदा पाहणी केली. टीव्ही नवा होता तेव्हा बारीक होण्यासाठी उलट्या काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ११ टक्क्यांहून जास्त निघाल्या. आणि हा तर असा समाज, जिथे अंगानं भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, जिची काळजी घेतली जाते अशी मानायचे. आपल्या पोरींच्या हातात तो टीव्ही चोवीस तास आहे. तो मी बंद करू शकत नाही. म्हणून निदान घरातून येणारा आवाज वेगळा असावा, एवढीच धडपड.

कृष्णा-कोयना (कराड)

जाऊन आलो. तपासण्या झाल्या, पोटॅशियम कमी निघालं, दोन दिवस दाखल करून घेतलं होतं. आता घरी आहे. मानसोपचारतज्ज्ञ मॅडमशी ती माझ्यापेक्षा जास्त बोलली. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. सासूबाईंना मिस्टरांनी स्वतः समजावलं. सगळ्यांचे खूप आभार, आत्ता एवढंच लिहिते.

कोरेगावकर

ताई, वाचून जिवात जीव आला. मुलीला आशीर्वाद.

वजनाचा विषय घरात अजिबात नको, हे मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं तसं जेवणानंतरचं चालणं आम्ही सगळ्यांनी सुरू केलंय, वडीलसुद्धा येतात. माझी पुतणी नववीला आहे, मे महिन्यात साताऱ्याला मामाकडे असते. तिला पळायची आवड आहे. मैदानावरची मॅडम, पाठवली तर चालेल का? आणि येताना काय खाऊन यायचं, उपाशीपोटी पळायचं असतं असं ऐकलंय.

मैदानावरची (सातारा)

नक्की पाठवा. उपाशीपोटी अजिबात नाही. निघायच्या आधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे, सोबत पाण्याची बाटली. पळून झाल्यावर खायचा डबा मात्र भरपूर हवा. दोन भाकऱ्या किंवा चपात्या, उसळ, उकडलेलं अंडं चालत असेल तर तेही. बूट नवे घ्यायची घाई करू नका, आधी आठवडाभर येऊ दे. सकाळी सहाला, पायऱ्यांजवळ.